बागेत वाफेची गाडी सुरू करायची आहे? आधी पाणसळ हातात घ्या

वाफेवर खरोखर चालणारी छोटी आगगाडी आपल्या घरामागच्या बागेत असावी, असे वाटणारे मराठी लोक इंग्लंडमध्ये माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच निघाले, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न ‘इंजिन कोणते घेऊ?’ हाच विचारतो. इंजिन सर्वांत शेवटी घ्या, असे मी सांगतो तेव्हा ते त्यांना टाळाटाळीचे उत्तर वाटते. परंतु गेल्या अकरा वर्षांत माझ्या गाडीने जितक्या वेळा मान टाकली, त्यांपैकी बहुतेक वेळा दोष रुळाचा, पाण्याचा किंवा माझ्या घाईचा होता आणि इंजिन बिचारे धडधाकट होते. म्हणून या लेखातला क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलट आहे.

मी मूळचा बार्शीचा आणि सध्या राहायला स्टॅफर्डशायरमध्ये. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे उभी केली, तिचा कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. आणि त्याच माणसाची, त्याच रुंदीची लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन १९०४ मध्ये स्टॅफर्डशायरच्या दरीत धावू लागली. ती १९३४ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागी आता पायवाट आहे. त्या वाटेवर रविवारी फिरता फिरता मला हे वेड लागले, एवढे सांगून मुद्द्याकडे वळतो.

१. माप ठरवा

बागेतल्या अरुंद रुळांच्या गाड्यांसाठी इंग्लंडमध्ये सर्वांत रुळलेले प्रमाण म्हणजे खऱ्या एका फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे साधारण एकास एकोणीस. माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते, त्यामुळे या प्रमाणात तिचे रूळ बरोबर ३२ मिलिमीटर रुंद येतात. बार्शी लाइट अडीच फुटी असल्याने तिला ४० मिलिमीटरचे रूळ लागतील. ते तयार सहज मिळत नाहीत, म्हणून माझ्यासारख्या बार्शीकरालाही शेवटी माथेरानची वाट धरावी लागली.

दुसरे प्रचलित माप ४५ मिलिमीटरचे आहे. एलजीबी या जर्मन गाड्या १९६८ पासून याच रुळांवर धावतात आणि युरोपातल्या मीटर गेज गाड्यांचे ते रूप आहे. अनेक वाफेच्या इंजिनांची चाके दोन्हींपैकी हव्या त्या मापाला बसवून मिळतात, तरीही मधेच माप बदलणे महागात पडते. तुमच्या गावाच्या आसपास ज्यांच्या बागेत गाडी आहे त्यांचे माप आधी विचारा आणि तेच घ्या, कारण पहिली दोन वर्षे तुम्ही स्वतःच्या रुळांपेक्षा त्यांच्याच रुळांवर जास्त शिकणार आहात.

२. जागा आणि आराखडा

इंजिनाच्या माहितीपत्रकात ‘किमान त्रिज्या ६० सेंटिमीटर’ असे काहीतरी लिहिलेले असते. त्याचा अर्थ इंजिन त्या वळणावरून कसेबसे निघेल एवढाच घ्यावा. डबे जोडल्यावर घट्ट वळणात चाके रुळाला घासतात, वाफ वाया जाते आणि गाडी वळणात रेंगाळून सरळ रस्त्यावर उधळते. जागा असेल तर दीड मीटर त्रिज्या धरा. दोन टोकांना दीड मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे आणि मध्ये चार-चार मीटरच्या दोन सरळ बाजू, अशा लंबगोलाची लांबी सुमारे साडेसतरा मीटर होते. माथेरानच्या गाडीचा ताशी २० किलोमीटरचा वेग आपल्या प्रमाणात सेकंदाला जेमतेम ३० सेंटिमीटर भरतो, म्हणजे हा फेरा साधारण एका मिनिटाचा आणि एका गॅसभरणीत वीसेक फेरे. सुरुवातीला एवढे पुष्कळ झाले.

चढाच्या बाबतीत माथेरानचा कित्ता मुळीच गिरवू नका. तिथे वीस फुटांत एक फूट असा चढ आहे आणि तो चढण्यासाठी खास इंजिने, ब्रेक आणि माणसे होती. बागेत शंभरात एक, म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर, इतका चढही इंजिनाच्या आवाजात लगेच ऐकू येतो. पन्नासात एक ही मी शेवटची मर्यादा मानतो. चढापेक्षा उतार वाईट. रेडिओने चालवता न येणारे इंजिन उतारावर स्वतःहून वेग कमी करत नाही आणि उताराच्या शेवटी बहुधा वळण असते.

घर भाड्याचे असेल तर खणण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या आणि सांडपाण्याचे नळ व विजेच्या तारा कुठून जातात ते पाहून ठेवा. आणखी एक सूचना किरकोळ वाटेल, पण घरातली शांतता तिच्यावर अवलंबून आहे: रूळ कपडे वाळत घालण्याच्या दोरीखालून नेऊ नका. धुराड्यातून वाफेबरोबर तेलाचे बारीक तुषार उडतात, आणि पांढऱ्या चादरीवर त्यांचे जे पिवळट ठिपके पडतात ते दोन धुण्यांत जात नाहीत.

३. पाया आणि रूळ

या टप्प्यावर हात आखडता घेऊ नका. रूळ जमिनीलगत टाकायचे की उंचावर, हा पहिला निर्णय. जमिनीवरची गाडी दिसायला फार सुंदर, रोपांमधून जाणारी. पण वाफेच्या इंजिनाला दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी, तेल आणि गॅस भरावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी ओल्या गवतात गुडघे टेकून भरावा लागतो. मी पहिला मार्ग जमिनीवर टाकला होता आणि तीन वर्षांनी उखडला. आता कमरेपेक्षा थोड्या खाली, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीवर, लाकडी खांबांवर फळ्या ठोकून त्यावर छपराला वापरतात ते डांबरी फेल्ट पसरले आहे आणि त्यावर रूळ आहेत. जमिनीवरच टाकायचे असतील तर १५ सेंटिमीटर खोल चर खणून तळाशी विटांचे तुकडे ठोकून बसवा, वर सिमेंटचे ठोकळे मांडा आणि मगच रूळ टाका. नुसत्या मातीवर किंवा खडीवर टाकलेले रूळ इथल्या पहिल्याच हिवाळ्यात वर-खाली होतात, कारण मातीतले पाणी गोठून फुगते आणि वसंतात पुन्हा खाली बसते.

रूळ म्हणून नव्या माणसाने तयार लवचीक रूळ घ्यावेत. डेव्हनमधल्या बिअर या गावी कारखाना असलेल्या पेकोचे ३२ मिलिमीटरचे रूळ ९१४ मिलिमीटर, म्हणजे एक यार्ड लांबीचे येतात. वर सांगितलेल्या लंबगोलाला असे वीस तुकडे पुरतात. ते वळवताना मधला भाग सहज वळतो आणि टोके हट्टाने सरळ राहतात, त्यामुळे दोन तुकड्यांच्या जोडावर कोपरा तयार होतो. गाडी घसरते ती नेमकी तिथे. टोकाच्या स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, थोड्या मागे सरकवा आणि रुळाचे शेवटचे दहा सेंटिमीटर हाताने किंवा रूळ वाकवण्याच्या चिमट्याने आधीच बाक देऊन घ्या.

आता पाणसळ. सुताराची लांब पाणसळ रुळाच्या लांबीवर ठेवून चढ-उतार पाहणे सर्वांना सुचते. नवे लोक विसरतात ते आडवे पाहायला. बोटाएवढी छोटी पाणसळ दोन रुळांवर आडवी ठेवा आणि ती दर वीस सेंटिमीटरला सरकवत संपूर्ण फेरा करा. बुडबुडा एका जागी डावीकडे आणि पुढच्या हातभर अंतरात उजवीकडे जात असेल, तर रुळाला पीळ आहे. इंजिनाची चाके ताठ चौकटीत बसवलेली असतात, त्यामुळे पीळ पडलेल्या जागी एक चाक केसभर उचलले जाते. वळण असेल तर त्या चाकाची कड रुळावर चढते आणि इंजिन खाली येते. माझ्या बागेत आंब्याच्या कोयीएवढ्या एका दगडाने फळी एका बाजूने उचलली गेली होती आणि तो दगड सापडायला मला अख्खा जून लागला. तोवर मी चाके, स्प्रिंगा, जोडदांडे, सगळे उघडून बसलो होतो.

उन्हाने रूळ वाढतात हेही ध्यानात ठेवा. दहा मीटर लांबीच्या रुळात तीस अंशांच्या फरकाने सुमारे पाच मिलिमीटरची वाढ होते. म्हणून थंड दिवशी रूळ टाकत असाल तर प्रत्येक जोडात अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा, आणि फळीला ठोकताना स्क्रू पूर्ण आवळू नका. स्लीपरचे भोक थोडे लांबट करून रुळाला सरकायला वाव द्या. वीज रुळांतून जात नसल्याने ते चकचकीत घासण्याची गरज आपल्याला नसते, हा विजेच्या गाड्यांवरचा आपला मोठा फायदा. तेल आणि ओली पाने मात्र पुसावी लागतात.

रूळ पूर्ण झाल्यावर इंजिन विकत घेण्याआधी पंधरा दिवस नुसते डबे हाताने ढकलत फिरवा. ३२ मिलिमीटरच्या रुळांसाठी चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर २८ मिलिमीटर असावे. डबा सांध्यावर, म्हणजे मार्ग बदलण्याच्या जागी, सारखा अडखळत असेल तर रुळाला दोष देण्याआधी हे अंतर मोजा.

४. इंजिन घेताना

वाफेची छोटी इंजिने इंधनावरून ओळखली जातात. इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास मॅमॉडच्या स्वस्त इंजिनांनी हा छंद पुष्कळ घरांत नेला. त्यांत घन इंधनाच्या वड्या जळत आणि सिलिंडर स्वतःच हेलकावे खात. खेळणे म्हणून ती गोड आहेत, पण संथ चालवणे अवघड. स्पिरिटवर चालणारी इंजिने शांत चालतात, मात्र स्पिरिटची ज्योत उन्हात अजिबात दिसत नाही आणि इंजिन कलंडले तर जळते स्पिरिट फळीवर पसरते. कोळशावरची इंजिने अनुभवी हातांसाठी. पहिले इंजिन गॅसवर चालणारेच घ्या: डॉनकॅस्टरच्या राउंडहाऊसची, अ‍ॅक्युक्राफ्टची किंवा जर्मनीच्या रेग्नरची अशी इंजिने नवी-जुनी दोन्ही मिळतात. बॉयलर तांब्याचा आणि चांदीच्या डाकाने जोडलेला असतो. त्याच्या मधोमध एक रुंद नळी असते आणि त्या नळीत बर्नर. वाफेचा दाब बहुधा चौरस इंचाला ४० पौंडांच्या आसपास, म्हणजे आत पाणी सुमारे १४० अंशांवर उकळते. हा आकडा लक्षात ठेवा. बोट लावण्याचा मोह होणार नाही.

जुने इंजिन घेत असाल तर विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, ते वाफेवर चालताना पाहा. मी घेतलेले पहिले इंजिन ‘अगदी व्यवस्थित चालते’ असे सांगून मला विकले गेले. बॉयलरच्या चाचणीचा कागद ‘नंतर पाठवतो’ होता, तो आजतागायत आलेला नाही. शेवटी एका जाणकाराकडून पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी लागली. ही चाचणी वाफेने न करता पाण्याने करतात, कारण पाणी दाबाखाली फारसे आकुंचन पावत नाही आणि बॉयलर फुटलाच तर नुसता ओघळतो. नव्या बॉयलरची चाचणी चालवण्याच्या दाबाच्या दुपटीला केलेली असते.

कागदपत्रे आणि साहित्य

कागद थोडेच लागतात: बॉयलरच्या चाचणीचे प्रमाणपत्र, इंजिनाची मूळ पुस्तिका, आणि दुसऱ्याच्या बागेत किंवा प्रदर्शनात गाडी चालवायची असेल तर तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा. छंदाच्या अनेक संघटना हा विमा सभासदत्वाबरोबरच देतात. प्रमाणपत्राशिवाय प्रदर्शनात वाफ धरू देत नाहीत, आणि त्यात वाद घालण्यासारखे काही नाही.

साहित्याची यादी मी माझ्या पत्र्याच्या पेटीत पाहूनच लिहितो आहे:

– पाण्यासाठी मोठी आणि तेलासाठी छोटी, अशा सुई नसलेल्या दोन सिरिंज, दोघींना रबरी नळीचा तुकडा. त्यांची कधीही अदलाबदल करू नका.
– वाफेच्या सिलिंडरचे जाड तेल, साधारण ४६० दर्जाचे, आणि सांध्यांसाठी पातळ मशीन तेल.
– पावसाचे गाळलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी.
– ब्युटेनचा डबा आणि तो इंजिनाच्या झडपेला बसणारे तोंड.
– लांब दांड्याचा लायटर, जाड कातडी हातमोजे, जुनी सुती फडकी.
– छोटे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सांध्यांच्या ओ-रिंगचे (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांचे) पाकीट, नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी टेप.
– बादलीभर पाणी आणि बादलीभर वाळू, हाताशी.

५. वाफ धरण्याचा क्रम

क्रम असा: तेल, पाणी, गॅस, आग. हा क्रम एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. मी अजूनही वाचतो.

आधी फिरणाऱ्या प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा एकेक थेंब. दोन नकोत, कारण जादा तेलाला धूळ चिकटते आणि तिचा घासकागद होतो. मग तेलदाणी. इंजिनाच्या केबिनमध्ये किंवा तिच्यापुढे टोपण असलेली एक लहान पितळी कुपी असते. तिच्यात वाफ शिरते, थंड होऊन पाणी होते, जड असल्याने ते तळाशी बसते आणि तेवढेच तेल वर उचलून सिलिंडरकडे ढकलते. या साध्या युक्तीवर पिस्टनचे आयुष्य अवलंबून आहे. प्रत्येक फेरीआधी तळाचे पाणी काढून टाका आणि जाड तेल भरा. वर थोडी हवा राहू द्या. इथे मोटारीचे इंजिन ऑइल घालू नका. ओल्या वाफेत ते टिकत नाही. धातूला चिकटून राहील असे खास मिश्रण वाफेच्या तेलात असते.

पाण्यासाठी बॉयलरच्या माथ्यावरचे बूच उघडून काठोकाठ भरा आणि मग पुस्तिकेत सांगितले असेल तितके, बहुधा २५ ते ३० मिलिलिटर, सिरिंजने परत ओढून घ्या. ही रिकामी जागा वाफेसाठी. ती न ठेवल्यास उकळते पाणी तसेच सिलिंडरात येते आणि धुराड्यातून पिचकारी उडते. नळाचे पाणी कधीही वापरू नका. चुनखडीच्या प्रदेशातले असो की आमच्या सोलापूरकडच्या बोअरचे, ते बादलीवर जी पांढरी पुटे चढवते तीच बॉयलरच्या आत चढवते, आणि तिथे हात घालून घासता येत नाही. छपराचे पावसाचे पाणी कॉफीच्या गाळणकागदातून गाळून घेतले की काम होते.

गॅस शेवटी, आणि उघड्यावरच. ब्युटेन हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असतो. बंद गॅरेजमध्ये तो जमिनीलगत पसरतो आणि कोपऱ्यातल्या ठिणगीची वाट पाहत बसतो. डबा उलटा धरून तोंड झडपेवर सरळ दाबा. टाकी भरत आली की झडपेतून द्रव गॅसचा फवारा बाहेर थुंकल्यासारखा येतो, तेव्हा थांबा. त्या क्षणी आसपास कोणाचेही इंजिन पेटलेले नसावे. एकदा माझ्या मित्राचे इंजिन दोन हातांवर धुमसत असताना मी गॅस भरला. एक निळा झोत फळीवरून सरपटत माझ्या बाहीपर्यंत आला आणि विझला. मनगटावरचे केस गेले, एवढ्यावर भागले. तेव्हापासून भरण्याची जागा चालवण्याच्या जागेपासून चार पावले दूर आहे.

पेटवताना लायटरची ज्योत धुराड्याच्या तोंडाशी आधी धरा आणि मग गॅसची चावी अगदी हळू उघडा. ‘पप्’ असा आवाज होऊन ज्योत धुराड्यातून मागे बॉयलरच्या नळीत उडी घेते आणि मंद घुमणारा आवाज सुरू होतो. कर्कश शिट्टीसारखा आवाज आला तर गॅस जास्त आहे. आवाज पुढून, धुराड्याच्या तळातून येत असेल तर ज्योत मागे गेलेलीच नाही. चावी लगेच बंद करा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा करा. नाही तर इंजिनाच्या नाकाचा रंग भाजून निघतो.

६. गाडी सोडताना

पाच ते आठ मिनिटांत दाबाचा काटा थरथरू लागतो. २० पौंड दिसताच गाडी सोडण्याची घाई होते, आणि नव्या माणसाची सर्वांत ठरलेली चूक इथेच होते. थंड सिलिंडरात शिरलेली वाफ लगेच पाणी होते, पाणी दाबले जात नाही, म्हणून पिस्टन अडकतो आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी चावी, उघडूनही गाडी जागची हलत नाही. माणूस रेग्युलेटर आणखी उघडतो, मग आणखी. मीही उघडला. आणि मग एकाएकी पाणी निघून गेले, माझ्या हिरव्या इंजिनाने सरळ रस्त्यावर झेप घेतली, पहिल्याच वळणावर रूळ सोडले आणि ते डेलियाच्या वाफ्यात चाके वर करून फुसफुसत पडले.

योग्य पद्धत अशी: रेग्युलेटर जरासा उघडा, हाताने इंजिन वीतभर पुढे आणि वीतभर मागे ढकला, धुराड्यातून काळपट पाणी उडेल ते उडू द्या. मान बाजूला ठेवा. सात-आठ वेळा असे केल्यावर चाके हलकी लागतात आणि थुंकण्याच्या जागी ‘छुक’ असा कोरडा आवाज येतो. मग रेग्युलेटर जवळजवळ बंद करून डबे जोडा आणि पुन्हा केसाएवढा उघडा. पहिला फेरा गाडीच्या बाजूने चालत करा.

सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला फुसकन उघडतो का, हे प्रत्येक वेळी पाहा. तो लवकर उघडतो म्हणून त्याची स्प्रिंग आवळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या बागेत मी पुन्हा गेलेलो नाही.

एक नियम सोन्यासारखा आहे. या इंजिनांत गॅसची टाकी अशी मापून केलेली असते की पाण्याआधी गॅस संपावा, म्हणजे बॉयलर कोरडा तापत नाही. त्यामुळे गॅस भरला की पाणी भरायचेच. पाणी न भरता गॅसची दुसरी टाकी पेटवणे म्हणजे बॉयलरच्या डाकाशी खेळणे. बॉयलरवर दाबाखाली पाणी आत घेणारी झडप बसवलेली असेल तर हातपंपाच्या बाटलीने चालू फेरीतही पाणी देता येते, आणि इंजिनावर एखादी गोष्ट वाढवून घ्यायची असेल तर आधी हीच घ्यावी.

७. गाडी थांबल्यावर

गॅस संपला की उरलेल्या वाफेवर गाडी आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. काटा शून्यावर आल्याशिवाय बॉयलरचे बूच उघडू नका. शून्यावर आल्यावर मात्र विसरू नका: फडके धरून बूच सैल करा, कारण बॉयलर थंड होताना आत पोकळी तयार होते आणि ती सिलिंडराकडचे तेल बॉयलरमध्ये ओढून घेते. तेलकट बॉयलरातले पाणी उकळताना फेसाळते आणि पुढच्या वेळी धुराड्यातून वाफेबरोबर पाणीच येते. इंजिन कोमट असतानाच तेलदाणीचे पाणी काढा आणि अंग पुसून घ्या. गार झाल्यावर तेच तेल डिंकासारखे खरवडावे लागते.

८. नेहमीची दुखणी

ज्योत दुबळी झाली, दाब चढेनासा झाला, तर नव्वद टक्के वेळा गॅसच्या तोटीचे सुईच्या अग्राहूनही बारीक भोक तुंबलेले असते. त्यात तार किंवा सुई घालू नका. भोक किंचित मोठे झाले तरी बर्नर कायमचा बिघडतो. तोटी काढून थिनरमध्ये भिजवा आणि गॅसच्या डब्याच्या तोंडाशी उलटी धरून फुंकरा, अर्थात आग कुठेही नसताना.

पिस्टनच्या दांड्याच्या मुळाशी वाफ गळत असेल तर तिथला नट पाव फेरा आवळून पाहा, तरीही गळाल्यास ओ-रिंग बदला. गॅस भरण्याच्या झडपेतून सूक्ष्म फसफस येत असेल तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा आणि झडप बदलेपर्यंत इंजिन पेटवू नका. चुकून नळाचे पाणी वापरलेच असेल तर लिंबूसत्त्वाचे कोमट द्रावण बॉयलरमध्ये रात्रभर ठेवून, नंतर तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने खंगाळा. बाकी स्क्रू ढिले होतात, ते महिन्यातून एकदा तपासा.

९. ऋतूप्रमाणे

ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळायचाच थांबतो. त्यामुळे डिसेंबरात इंजिन भरलेले असूनही ज्योत मरते, आणि गॅस निघून जाताना टाकी स्वतःही थंड होत जाते. टाकीभोवती कोमट पाण्याची पन्हळ असेल तर उत्तम. नसेल तर प्रोपेन मिसळलेला गॅस घ्यावा, पण पुस्तिकेत परवानगी असेल तरच. हिवाळ्यातली खटपट मात्र वाया जात नाही. गार हवेत वाफेचा पांढरा लोट डब्यांवरून मागे हातभर रेंगाळतो; जुलैच्या दुपारी तीच गाडी वाफेविना धावल्यासारखी दिसते.

पुण्या-नाशिकच्या बंगल्यामागे हा उद्योग करू पाहणाऱ्यांनी म्हणूनच थंडीतली सकाळ निवडावी. तिथे अडचण उलटी आहे: उन्हाळ्यात टाकीतला दाब इतका वाढतो की चावी जराशी उघडताच बर्नर किंचाळतो. शुद्ध ब्युटेनच वापरा, लायटरमध्ये भरण्यासाठी मिळतो तो, आणि प्रोपेनचे मिश्रण टाळा. डबा सावलीत ठेवा. इथून इंजिन नेणाऱ्यांनी गॅसचा डबा विमानाच्या सामानात घालू नये, तो चालत नाही. इंजिनाची टाकीही आठवडाभर आधी पूर्ण रिकामी करून उघडी ठेवा.

हंगाम संपला की बॉयलर, पाण्याची टाकी आणि तेलदाणी तिन्ही कोरडी करा. आत राहिलेले पाणी गोठताना फुगते आणि तांब्याचा सांधा उसवते. सिलिंडरात जाड तेलाचे दोन थेंब टाकून चाके हाताने दहा-बारा वेळा फिरवा, बूच सैल ठेवा आणि इंजिन घरातल्या कपाटात न्या, शेडमध्ये नको. मार्चमध्ये ते बाहेर काढाल, तेव्हा पाण्याला हात लावण्याआधी छोटी पाणसळ घेऊन रुळांचा एक फेरा करा. हिवाळ्याने एखादा खांब हलवलेला असतोच.